निरंक अहवाल कसा मिळवावा

गेली दोन वर्षं मी आमच्या ऑफिसच्या, लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीची सदस्य आहे, ही आनंदाची बातमी मला मागच्या मंगळवारी कळली. एचआरमधला मुलगा एक कागद घेऊन टेबलाशी आला आणि बोटानं जागा दाखवत म्हणाला, "मॅडम, इथे फक्त सही."

मी हिशेब खात्यात आहे. कुणी 'फक्त सही' म्हटलं की कागद आधी वरपासून वाचायचा, ही आमची खोड. वर लिहिलं होतं, कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ, वार्षिक अहवाल. आलेल्या तक्रारी: निरंक. निकाली काढलेल्या: निरंक. नव्वद दिवसांहून जास्त काळ प्रलंबित: निरंक. घेतलेल्या कार्यशाळा: १. खाली चार नावं, त्यात तिसरं माझं.

"मी कधी झाले सदस्य?"

"झाली की दोन वर्षं. बोर्डवर नाव आहे ना तुमचं."

"बोर्ड कुठंय?"

तो जरा घुटमळला. "वॉटर कूलरच्या मागे."

आता यात चिडण्यासारखं काहीच नाही. उलट इतक्या कमी खर्चात, संबंधित बाईलाही पत्ता न लागू देता, स्त्री-पुरुष समानता आणून दाखवणारी माणसं आपल्यात आहेत याचं कौतुक व्हायला हवं. ज्या साहेब लोकांना अजून ही किमया जमलेली नाही, त्यांच्यासाठी माझ्या दोन वर्षांच्या (नकळत मिळालेल्या) अनुभवातून चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे समिती कराच. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं ती करावीच लागते, आणि कागदावरची समिती जागाही अडवत नाही. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई हवी. तुमच्याकडे वरिष्ठ पदावर एकही बाई का नाही, हा प्रश्न आपल्या विषयाच्या कक्षेत येत नाही. किमान निम्म्या सदस्य बायका हव्यात. त्या निवडताना 'सोशिक' आणि 'सगळ्यांशी मिळूनमिसळून' या दोन कसोट्या पुरतात. कायदा म्हणतो की स्त्रियांच्या प्रश्नांशी बांधिलकी असलेल्या, समाजकार्याचा अनुभव किंवा कायद्याचं ज्ञान असलेल्या व्यक्तींना प्राधान्य द्या. पण कायदा काय, बरंच काही म्हणतो. बाहेरची एक व्यक्ती स्वयंसेवी संस्थेची लागते. साहेबांच्या कुठल्या तरी वहिनींची एखादी संस्था असतेच. हिशेब खात्यातली बाई मात्र चुकूनही घेऊ नका. आमच्याकडे गफलत तिथंच झाली.

आणि नेमणुकीचं पत्र सदस्याला द्यायचं नाही, फायलीला लावायचं. सदस्याला कळलं की ती प्रश्न विचारते, फायल विचारत नाही.

आता बोर्ड. नेमणुकीचा आदेश आणि छळ केल्यास होणाऱ्या शिक्षा ठळक जागी लावाव्यात, असं कायद्यात आहे. ठळक कुणाला, ते लिहिलेलं नाही. कूलरच्या मागची भिंत मला तरी उत्तम वाटली. मी शिपायाला मदतीला घेऊन कूलर सरकवला आणि वाकून वाचलं. अध्यक्ष म्हणून ज्या मॅडमचं नाव होतं, त्यांच्या निरोप समारंभात दीड वर्षापूर्वी मीच भाषण केलं होतं. त्यांचा एक्स्टेन्शन नंबर आता स्टोअररूममध्ये वाजतो, तिथे रिकामी खोकी असतात, ती फोन उचलत नाहीत. शिक्षांचा परिच्छेद पाण्याच्या ओघळांनी पुसून गेला होता. आणि माझ्या नावापुढे माझा मोबाइल नंबर होता. नऊ आकडी. मी तीनदा मोजला.

दंडाची धास्ती घेऊ नका. समितीच केली नाही तर पन्नास हजार रुपयांपर्यंत. तुमच्या वार्षिक स्नेहसंमेलनातल्या डीजेचं बिल मीच पास केलंय, म्हणून सांगते, अगदीच परवडेल. पुन्हा तोच गुन्हा केला तर दुप्पट, आणि परवान्यावरही गदा येऊ शकते म्हणा, पण त्यासाठी आधी पहिल्यांदा पकडायला कुणीतरी यायला हवं. २०२३ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं या कायद्याच्या अंमलबजावणीबद्दल खंत व्यक्त केली. कायदा लागू होऊन तेव्हा साडेनऊ वर्षं झाली होती. समित्या खरोखर आहेत का ते तपासा आणि सदस्यांचे फोन, ईमेल वेबसाइटवर टाका, असंही सांगितलं. तो आदेश सरकारी खात्यांसाठी, विद्यापीठांसाठी आणि तसल्या संस्थांसाठी होता. आपण खाजगीवाले, आपण कूलर सरकवून ठेवायचा.

कार्यशाळा आठ मार्चलाच घ्यावी, म्हणजे एका हारात दोन सत्कार. गुलाबी फुगे, गुलाबी बॅनर, प्रत्येकीला एक गुलाब, आणि 'घर व करिअर यांचा समतोल' या विषयावर एका पुरुष वक्त्याचं व्याख्यान. आम्हाला यंदा कापडी पिशवीही मिळाली. पिशवीवर 'महिला सक्षमीकरण: व्यवहारोपयोगी साधने' असं छापलेलं. साधनं पुढीलप्रमाणे: एक छोटा आरसा, एक पेन, केसांचा चाप, आणि चोवीस पानांची पुस्तिका. त्यातली तीन पानं दीर्घ श्वास कसा घ्यावा यावर आहेत. समितीवर एक ओळ नाही. पुरुषांना बोलावायचं नाही. त्यांना कामं असतात.

पाळणाघर: पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर २०१७ पासून ते बंधनकारक आहे, तेव्हा एका खोलीवर पाटी लावावी आणि आत मोडक्या खुर्च्या ठेवाव्यात.

समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच आला, म्हणून एकमेकांचा पगार विचारणं असभ्यपणाचं असतं हे मुलींना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं.

इतकं सगळं करूनही एखादी तक्रार आलीच, तर? तर पुढचं नीट वाचा, कारण खरं कसब इथे लागतं.

ती कॉन्ट्रॅक्टवर असेल तर म्हणायचं, "तू आमची कर्मचारी नाहीस, तुझ्या एजन्सीला सांग." कायद्यातली कर्मचाऱ्याची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की कंत्राटी, रोजंदारी, शिकाऊ, अगदी बिनपगारी स्वयंसेवकसुद्धा तीत बसतो. पण व्याख्या वाचायला बसतंय कोण. एजन्सीनं परत पाठवली की म्हणायचं, "लेखी दे." तिला लिहिता येत नसेल किंवा हात थरथरत असेल तर तक्रार लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे, हे आपल्याला माहीतच नाही. लिहून आणलं की "पुरावा?" पुरावे तपासायला साक्षीदार बोलवायचे आणि कागद मागवायचे दिवाणी कोर्टाचे अधिकार समितीला दिलेत, ते कुणी वापरायचे? तिनंच. मग आवाज खाली आणून, "बघ, खोटी निघाली तर तुझ्यावरच कारवाई होते." निव्वळ सिद्ध करता आली नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हे त्याच कलमात, त्याच्याच पुढच्या ओळीत लिहिलंय. पण आपण अर्ध्या कलमावर थांबायचं. मग "समजुतीनं मिटवू." समेट तिनं स्वतः मागितला तरच करता येतो आणि त्यात पैशाची देवघेव चालत नाही. पण साहेब तिला केबिनमध्ये बसवून पाणी देतात, दार लोटतात आणि म्हणतात, "तू माझ्या मुलीसारखी."

मुलीसारखी! काय हो, तुमच्या मुलीला तुम्ही हेच सांगाल?

हे सगळं मला कसं माहीत, तर बोर्ड वाचून कूलरपाशी मी जे काही मोठ्यानं बोलले ते चार जणांनी ऐकलं, आणि गुरुवारी बाथरूममध्ये एक मुलगी माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. तिनं नळ सोडला. पाण्याच्या आवाजात म्हणाली, "ताई, त्या समितीत तुम्हीच ना?" ती कोण, कुठल्या विभागातली, तिच्याबाबतीत काय घडलं, यातलं काही मी लिहिणार नाही. कॉन्ट्रॅक्टवरची होती एवढंच सांगते, आणि आमच्याकडे निम्मी माणसं कॉन्ट्रॅक्टवर आहेत. ओळख बाहेर फोडायची नसते हे कायद्यात आहे आणि मी तो कायदा वाचलाय. मंगळवारी रात्री वाचला. दोन वर्षं उशिरा.

तिच्या फोनमध्ये बोर्डचा फोटो होता. कूलरच्या मागे हात घालून, वाकडा काढलेला. म्हणाली, "मोठ्या मॅडमचा लागतच नव्हता. तुमच्या नंबरात एक आकडा कमी होता, म्हणून मी शेवटी शून्यापासून नऊपर्यंत एकेक लावून बघितला. एकदा कुणीतरी आजोबा होते. कोण हवंय बाळ, म्हणाले. मी ठेवून दिला."

गळलेला आकडा शेवटचा नाहीच. मधला आहे, सहावा.

"अगं, मग वर यायचंस ना माझ्याकडे."

"तुमच्या मजल्यावर आमचं कार्ड चालत नाही, ताई."

आणि मग नळ बंद करून, "आज माझा शेवटचा दिवस आहे."

तर, सल्ले इथेच थांबवते. मला यापुढे हसत हसत लिहिता येत नाहीये.

तुम्हाला लाज कशी वाटत नाही? ही समिती म्हणजे कुणाची मेहेरबानी नाही. राजस्थानात भंवरी देवी नावाची सरकारी कार्यक्रमातली साथिन, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती, बालविवाह थांबवायला गेली. ते तिचं काम होतं, तिचं कामाचं ठिकाण गावच होतं, आणि त्याची शिक्षा म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या कोर्टानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिलं. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल आला, आणि त्या निकालातल्या मार्गदर्शक तत्त्वांचा कायदा व्हायला आणखी सोळा वर्षं लागली. त्या बाईनं मोजलेल्या किमतीतून आलेली पाटी तुम्ही पाण्याच्या मशीनमागे लावता, आणि तिच्यावर नीट दहा आकडेही छापत नाही? डीजेच्या बिलावर माझा नंबर बरोबर छापून येतो!

तक्रारीला मुदत तीन महिन्यांची. ती मुदत तिनं माझा सहावा आकडा शोधण्यात घालवली. समितीला कारण नोंदवून आणखी तीन महिने वाढवता येतात, आणि नोकरी सोडली म्हणून हक्क जात नाही, हे मी तिला शुक्रवारी फोन करून सांगितलंय. ती काय ठरवते ते तिचं ती बघेल. तिला घाई करायला मी तुमच्यापैकी नाही.

आणि एचआरमधल्या पोराला चौथ्यांदा माझ्याकडे पाठवू नका. त्याची यात काही चूक नाही, तो घाबरतो. कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. 'निरंक' सगळीकडचं लाल पेनानं खोडलंय, समितीची बैठक बोलवायचं पत्र त्याच्या वर टाचलंय, आणि आवक-जावक रजिस्टरमध्ये त्याचा नंबर पडलाय. सही हवी असेल तर स्वतः या. येताना कूलरपाशी थांबा आणि बोर्ड वाचा. सहावा आकडा मी मार्करनं घातलाय.