डांबरगोळ्या उचला, पाल राहू द्या

‘दारात पाल, बेडूक, कोळी दिसतात? सावध व्हा!’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. सोडून दिला असता. पण तो वाचून आमच्या मामीने उंबऱ्याच्या दोन्ही कडांना डांबरगोळ्या पसरल्या, आणि त्या घरात रांगतं मूल आहे.

मेसेज म्हणतो, पाल विषारी. साफ खोटं. पालींच्या कुळातली एकही जात विषारी नाही. गिला मॉन्स्टरसारखे विषारी सरडे अमेरिका खंडात आहेत. ते ट्यूबलाइटमागे राहत नाहीत. पालीच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून पाल पडलेलं अन्न टाकून द्यावं. पण त्याचं कारण जंतू, विष नव्हे.

बेडकाला शिवलं की चामखीळ उठते म्हणे. चामखीळ पॅपिलोमा विषाणूने येते आणि तो माणसाकडूनच माणसाला लागतो. खडबडीत पाठीच्या बेडकाच्या डोळ्यांमागे विषारी चीक सोडणाऱ्या ग्रंथी असतात खऱ्या, तेव्हा कुत्र्याला त्याच्यापासून लांब ठेवा. कोळी दिसले की सावध व्हा, याला तर उत्तर द्यायचीही गरज नाही. जाळी नको असतील तर झाडू मारा.

आता डांबरगोळ्या. ‘वासाने पाल आणि साप दोन्ही फिरकत नाहीत’, हे वाक्य लिहिणाऱ्याला समोर बसवून जाब विचारावासा वाटतो. डेनिस फेरारो या अमेरिकी अभ्यासकाने 1995 मध्ये नॅफ्थॅलीन (डांबरगोळ्यांतलं रसायन) आणि गंधक गार्टर नावाच्या सापांवर तपासून पाहिलं. साप त्यांना टाळत नाहीत, असंच दिसलं. आणि ही तर बंदिस्त जागेतली चाचणी. दाराशी वारा खेळता असतो, तिथे या गोळ्या काय अडवणार?

साप अडत नाही, पण गोळी मुलाच्या तोंडात जाते. पांढरी, गुळगुळीत, बोटांत मावेल अशी. मुलाला तो खाऊच वाटणार. नॅफ्थॅलीन पोटात गेलं की रक्तातल्या लाल पेशी फुटू लागतात. जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या मुलांत हा त्रास फार गंभीर होतो, आणि ती कमतरता बऱ्याचदा असं काही घडेपर्यंत कळतच नाही. तान्ह्या बाळांना तर या गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांमुळेही कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत. गोळी गिळल्याची शंका आली तरी थेट डॉक्टरकडे न्या. लघवी काळपट होण्याची किंवा अंग पिवळं पडण्याची वाट पाहू नका, ती लक्षणं एक-दोन दिवसांनीही दिसतात.

पाल पळवायला अंड्याची टरफलं टांगायचा मेसेजमधला उपाय निदान निरुपद्रवी आहे. टांगा हवी तर.

राहिला शेवटचा मुद्दा: पाली असल्या की मागोमाग साप येतो. नाइलाजाने, पण हे अर्धं मान्य करावं लागतं. कवड्या साप पाली खातो आणि त्यांच्या मागावर घरातही शिरतो. तो बिनविषारी, पण दिसतो मण्यारीसारखा, आणि मण्यार अतिशय विषारी. त्यामुळे ‘कवड्याच असेल’ म्हणून हात घालू नका. लांब उभं राहून त्याच्यावर नजर ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा.

पाली कमीच करायच्या असतील तर त्या येतात कशासाठी ते बघा. दारावरच्या दिव्याला किडे जमतात, किड्यांमागे पाल आणि बेडूक. काम नसेल तेव्हा दिवा बंद ठेवा, दाराखालची फट पट्टी लावून बुजवा, बाहेर काढलेले बूट झटकून घाला. मामीला एवढंच सांगितलंय. गोळ्या मात्र मी स्वतः उचलल्या.