‘जुडिया काप्टा’ नाणं नेमकं कोणासाठी होतं?

खजुराच्या झाडाखाली खिन्न बसलेली बाई, बाजूला शिरस्त्राणावर पाय ठेवून उभा सम्राट व्हेस्पासियन, कडेनं ‘जुडिया काप्टा’, म्हणजे जुडिया काबीज, अशी अक्षरं. या नाण्याच्या फोटोसोबत एक मजकूर फिरतोय: रोमनांनी ज्यूंचा देश नव्यानं जिंकला, हरलेल्यांना रोज हिणवायला जेरुसलेममध्येच हे ब्राँझचं नाणं पाडलं, आणि ते संपूर्ण विजयाचा पक्का पुरावा आहे.

‘नव्यानं’ कसं? मधली काही वर्षं सोडली, तर जुडिया इ.स. 6 पासून रोमचाच प्रांत होता. 66 मध्ये तिथं बंड झालं, 70 मध्ये व्हेस्पासियनचा मुलगा टायटस यानं जेरुसलेम उद्ध्वस्त केलं. आपल्याच प्रांतातलं बंड मोडून ते परमुलूख जिंकल्यासारखं मिरवलं, खरी गंमत इथं आहे.

कारण व्हेस्पासियनला त्याची निकड होती. 69 या एका वर्षात रोमनं चार सम्राट पाहिले. हा चौथा, करवसुली करणाऱ्याचा मुलगा, घराण्याचं वलय नसलेला. गादी मिळाली ती रोमनांनीच रोमनांना मारून, आणि ते काही नाण्यावर छापता येत नाही. परका शत्रू मात्र छापता येतो. म्हणून 71 मध्ये रोममध्ये विजययात्रा निघाली आणि त्याच वर्षी रोमच्या टांकसाळीत ही नाणी पडू लागली. मजकूर लॅटिन, म्हणजे बोलणं मुख्यतः रोमन प्रजेशी आणि सैन्याशी.

जुडियासाठी वेगळी नाणी निघाली हे खरं, पण त्यांचं श्रेय जेरुसलेमला नाही, किनाऱ्यावरच्या कैसरियाला दिलं जातं, आणि त्यांवरची अक्षरं ग्रीक. हिणवण्याचा मुद्दा मांडायचाच, तर ती नाणी दाखवावीत.

धातूचं म्हणाल, तर फोटोतलं सेस्टर्शियस हे मोठं रोमन नाणं काटेकोरपणे पितळेचं, तांबं आणि जस्त. हाच विषय सोन्याचांदीच्या नाण्यांवरही आहे.

राहिला पुरावा. 71 मध्ये मसादाचा किल्ला बंडखोरांच्याच हातात होता. तो पडायला आणखी दोनतीन वर्षं गेली. पुढं सम्राट डोमिशियननं 85 च्या सुमारास ‘गेर्मानिया काप्टा’, म्हणजे जर्मानिया काबीज, छापलं, तेव्हा ऱ्हाइन नदीपलीकडचा बहुतेक मुलूख स्वतंत्रच होता. सम्राट ट्रेजननं 116 मध्ये आर्मेनिया आणि मेसोपोटेमिया रोमच्या सत्तेखाली आल्याचं सेस्टर्शियस काढलं. पुढच्याच वर्षी हेड्रियन गादीवर आला आणि त्यानं ते प्रांत सोडून दिले.