चेहरा भरलाय म्हणे!

आज व्हॉट्सॲपवर एका डोहाळजेवणाचा फोटो फिरत आला. हिरवी साडी, फुलांचे दागिने, हातात धनुष्यबाण. खाली बदामांची रांग आणि एकीची कमेंट: "चेहरा कसा भरलाय बघा!" पोरगी गेल्या वर्षी दहावी झालीय. सोळा वर्षांची. आणि हे कुणालाही खटकलेलं नाही.

चेहरा भरलाय म्हणे. अहो, विशीच्या आतल्या पोरींना गरोदरपणात बीपी वाढून झटके येण्याचा धोका वीस-चोविशीतल्या बाईपेक्षा जास्त असतो. विसाव्या आठवड्यानंतर बीपी 140/90 च्या वर आणि लघवीत प्रथिनं, म्हणजे धोक्याची घंटा. तोंड सुजलंय, बांगडी हातात जात नाही, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, बरगडीखाली दुखतंय, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीच निघायचं. झटका आलाच, तर जवळच्या आरोग्य केंद्रात मॅग्नेशियम सल्फेट, दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम, टोचून घेऊन मगच मोठ्या दवाखान्याकडे. फोटोवरून निदान होत नाही, कबूल. पण या पोरीचं बीपी शेवटचं कधी मोजलं, हे त्या बदामवाल्यांपैकी एकीने तरी विचारलं का?

मोजणार कसं? दवाखान्यात गेलं तर वय सांगावं लागतं, आणि अठराच्या आतली म्हटलं की पॉक्सो, म्हणजे बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली पोलिसांना कळवणं डॉक्टरला बंधनकारक. म्हणून नोंदणी बाराव्या आठवड्याऐवजी सातव्या महिन्यात, आणि कार्डावर वय 19. कायदा नको असं नाही, पण त्याच्या धाकाने पोरगी तपासणीलाच येत नसेल तर भोगते तीच. खोटं वय लिहिलं की डॉक्टरही गाफील राहतो. उंची वाढायची थांबली तरी कमरेचं हाड पुढे काही वर्षं रुंदावत असतं. ते तयार नसताना कळा सुरू झाल्या की बाळाचं डोकं अडतं. तासन्‌तास अडून राहिलं तर मूत्राशयाची भिंत दाबली जाऊन कुजते, भोक पडतं आणि लघवी सतत गळत राहते. नवरा मग तिला माहेरी आणून सोडतो, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

"आमच्या आजीला चौदाव्या वर्षी झालं" हे ऐकवू नका. बाळंतपणात ज्या गेल्या, त्या कुणाच्या आज्या झाल्या नाहीत.

बीड-परभणीकडे 2019-21 च्या सरकारी पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या चाळीस टक्क्यांहून जास्त बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयता निघतो, नवरा-बायकोची जोडी असली की मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे मिळतात, पोरगी एकटी घरी ठेवायची भीती असते. आईबापाला नुसतं झोडपून हे थांबणार नाही, एवढं मलाही कळतं. पण उसाच्या फडावर तिची तपासणी कोण करणार?

गरिबीचा आणि रक्त कमी असण्याचाही यात वाटा आहे म्हणता? आहे. म्हणूनच तर वाढत्या अंगाची पोरगी आणि पोटातलं बाळ एकाच ताटातल्या भाकरीवर भांडतात, आणि बाळ 2500 ग्रॅमच्या आत किंवा 37 आठवड्यांआधी येतं.

असो. आता दिवस गेलेच आहेत, तर रागावून काय होणार? लोहाची गोळी रोज एक, 180 दिवस; हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर दोन. चहाबरोबर नको, लिंबू पिळून जेवल्यावर चालेल. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी मोफत असते. बाळ लहान झालं तर आंघोळीची घाई नको. उघडं करून आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, वर पांघरूण, दर दोन तासांनी दूध.

आणि दुसरं लगेच नको. तांबी बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत बसवता येते, 'अंतरा' नावाचं गर्भनिरोधक इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर दर तीन महिन्यांनी. दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट. "सासूबाईंना विचारून सांगते" म्हणाली, तर सासूबाईंनाही आत बोलवा.