डीजे म्हणजे माणूस की ट्रक?

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याहून मित्राचा फोन आला. घसा बसलेला, रात्रभर झोप नाही, आणि मागे कुठेतरी अजून धडधड चालूच. "मिरवणूक संपायला तयार नाही," म्हणाला. "आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन तास डीजे थांबलाय. फडताळातली भांडी वाजतायत. आईला आतल्या खोलीत कानात कापूस घालून झोपवलंय. आणि तू तिकडे तिकीट काढून हेच ऐकायला जातोस, शहाण्या!"

जातो. गेली नऊ वर्षं मी बर्लिनमध्ये आहे, वय पंचेचाळिशीकडे झुकलंय आणि महिन्यातून एकदा तरी रविवारी दुपारी मी टेक्नो, म्हणजे यंत्रांवर बनवलेलं, एकसारख्या ठोक्याचं नाचाचं संगीत, ऐकायला जातो. (रविवारी दुपारी, कारण इथले काही क्लब शनिवारी रात्री उघडतात ते सोमवारी सकाळी बंद होतात, आणि मला आता जेवून, झोप काढून मगच जाणं झेपतं.) मित्राला हे माझं म्हातारचळ वाटतं. तो स्वतः पंधरा वर्षं ढोल-ताशा पथकात आहे. पावसाळ्यात नदीकाठी सराव, कमरेला ढोल, बोटांना चिकटपट्ट्या. त्याच्या लेखी संगीत दोनच प्रकारचं: माणसाने वाजवलेलं आणि बटण दाबून लावलेलं. दुसऱ्याला तो संगीत म्हणायलाही तयार नाही.

आमचं भांडण शब्दापासूनच सुरू होतं. महाराष्ट्रात डीजे हा माणूस नाहीच, तो ट्रक आहे. किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. "डीजे वळणावर अडकला", "डीजे जप्त केला" अशी वाक्यं आपण सहज बोलतो आणि त्यात कोणाला काही खटकत नाही. कोल्हापूरकडे त्यालाच डॉल्बी म्हणतात. रे डॉल्बी या गृहस्थाने १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. नको असलेला आवाज घालवणाऱ्याचं नाव आपण कशाला दिलं बघा!

मित्राचा त्रास खोटा आहे असं मी कधीच म्हणालो नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतच लिहिलेली आहे. पुण्यातल्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाचे विद्यार्थी दरवर्षी विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावर आवाज मोजतात, तेव्हा आकडे शंभरच्या आसपास येतात. दर दहा डेसिबलला ध्वनीची शक्ती दहापट होते, म्हणजे हा फरक "जरा जास्त" या सदरात बसत नाही. शिवाय मीटरही पूर्ण खरं सांगत नाही. 'डेसिबल ए' हे मोजमाप माणसाच्या कानाच्या कलाने बनवलेलं आहे, आणि ५० हर्ट्झच्या आसपासच्या खर्जाला ते जवळपास ३० डेसिबलची सूट देतं. छातीत बसणारा दणका कागदावर निम्मासुद्धा उतरत नाही. फडताळातली भांडी या बाबतीत मीटरपेक्षा प्रामाणिक.

आता इथलं सांगतो. बर्लिनमध्येही रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते, वेळ अगदी आपल्याच नियमातली. फरक एवढाच की इथे तो नियम जिन्यात राहतो. पहिल्या वर्षी घरी गणपती बसवला. पाहुणे उशिरा आले, आरती लांबली, आणि "घालीन लोटांगण" सुरू असताना दहा वाजून पाच मिनिटांनी दारावर टकटक झाली. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई झोपायच्या कपड्यांत उभ्या होत्या. रागावल्या नाहीत, नुसतं मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. आम्ही मंत्रपुष्पांजली कुजबुजत म्हटली. दोन झांजा आणि आठ माणसं यांना रोखणारं हे शहर, आणि त्याच शहरात छत्तीस छत्तीस तास टेक्नो वाजतो.

कारण तो खोलीत वाजतो. १९८९ मध्ये भिंत पडली तेव्हा पूर्व बर्लिनमध्ये रिकामे कारखाने, गोदामं, वीजकेंद्रं यांची रेलचेल झाली. कोणाची मालकी हेही ठरलेलं नव्हतं. पोरांनी आत शिरून यंत्रं लावली. १९९१ मध्ये 'ट्रेझोर' उघडला तो एका जुन्या वेर्टहाइम डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीत. जाड भिंती, जमिनीखाली. शेजारी ओरडणार कोण? पुढे वस्ती वाढली, नवी घरं झाली, तक्रारी इथेही आल्याच. तेव्हा शहराने २०१८ मध्ये दहा लाख युरोंचा निधी काढला, क्लबांना ध्वनिरोधक काम करून घेण्यासाठी. आतल्या माणसांच्या कानांसाठी वेगळं मानक आहे: अर्ध्या तासाची सरासरी ९९ डेसिबलच्या वर जाऊ नये. तेही कमी नाहीच, मी कानात बोळे घालूनच जातो. पण पंधरा फुटांवरच्या घरातल्या आजीच्या संमतीशिवाय तिच्या उशाशी ते कोणी नेऊन ठेवत नाही.

इथवर मित्र माझ्याशी सहमत असतो. पुढे म्हणतो, "म्हणजे बंद खोलीत त्रास होत नाही, एवढंच ना? पण आहे तर तेच. धप् धप् धप् धप्."

इथे मात्र मी अडून बसतो.

एकच एक ठोका, हा आक्षेप कोणीही घ्यावा, ढोलवाल्याने घेऊ नये. वारकऱ्याने तर मुळीच नाही. "ज्ञानोबा-माउली-तुकाराम" एवढ्या तीन शब्दांवर दिंड्या मैलोन्मैल चालतात, आणि तासाभराने त्याच तीन शब्दांत जे ऐकू येतं ते पहिल्या पाच मिनिटांत नव्हतं. तबल्याच्या एकल वादनात पेटीवरचा लेहरा, म्हणजे फिरून फिरून येणारी धून, तासभर तोच असतो. लेहऱ्याला कोणी "काय तेच तेच" म्हणत नाही, कारण तो ऐकायचा नसतोच, तो उभं राहायची जमीन असतो. टेक्नोतला तो धप् धप् हा लेहरा आहे. ऐकायचं ते त्याच्यावर.

मित्राला मी एकदा तीनतालातूनच समजावलं, आणि आजवरच्या माझ्या सगळ्या युक्तिवादांत हा एकच थोडाफार लागू पडला. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. खालीच्या, म्हणजे तालाच्या हलक्या, विभागात काय होतं? नवव्या मात्रेच्या 'धा'नंतर डग्ग्याची, म्हणजे डाव्या हाताच्या खर्जाच्या तबल्याची, गुंज नाहीशी होते. दहावी ते तेरावी मात्रा नुसत्या चाटीवर जातात. चौदाव्या मात्रेला डग्गा परत येतो आणि त्या परत येण्याने आपल्याला समेकडे, म्हणजे पहिल्या मात्रेकडे, ढकलतो. डीजे, म्हणजे माणूस, नेमकं हेच करतो. मिक्सरवर खर्जाची कळ फिरवून तो बास काढून घेतो. खोलीतली पाचशे माणसं अधांतरी. आठ मात्रा, सोळा, कधी बत्तीस. मग बास परत. त्या क्षणी जो हुंकार उठतो तो मैफलीत समेवर उठणाऱ्या "क्या बात है" चा सख्खा भाऊ आहे. तीनतालात हे आवर्तनागणिक होतं, इथे दहा मिनिटांतून एकदा. सबुरी जास्त लागते, एवढंच.

आणि तो माणूस बटण दाबून उभा राहत नाही. दोन तबकड्या वेगवेगळ्या लयीच्या. एक कानात, एक सभागृहात. कानातलीची लय बोटभर सरकपट्टीने ओढून दुसरीशी जुळवायची, मग एकीचा खर्ज काढताना दुसरीचा सोडायचा, तेही सोळाच्या तोंडाशी. चुकलं तर दोन घोडे एकाच पुलावर धावल्यासारखं ऐकू येतं. मी घरी करून पाहिलंय. घोडेच निघाले. जर्मनीत हा वाद चक्क करखात्याच्या निमित्ताने कोर्टात गेला होता: टेक्नोच्या रात्रीला मैफलीचा ७ टक्के कर लावायचा की करमणुकीचा १९ टक्के? डीजे दुसऱ्याच्या तबकड्या नुसत्या वाजवत नाही, त्यांतून नवं संगीत सादर करतो, असं तिथल्या करविषयक सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मान्य केलं. मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, "कोर्ट नाचून बघतं का?"

"पण हे आपलं नाही" हा त्याचा शेवटचा हुकमी पत्ता. त्यावर मी चरणजीत सिंग काढतो. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारा मुंबईतला कलाकार. १९८२ मध्ये त्याने रोलँड कंपनीची तीन यंत्रं जोडून भैरवी, ललत, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर वाजवले आणि त्याची तबकडी काढली. कोणी विचारलं नाही. त्या तीनपैकी एक होतं टीबी-३०३, एकट्या वादकाला बास गिटारची साथ मिळावी म्हणून बनवलेलं, आणि त्या कामात सपशेल पडलेलं. शिकागोतल्या पोरांनी ते जुन्या बाजारातून स्वस्तात उचललं आणि १९८७ मध्ये त्यातून ॲसिड हाउस नावाचा प्रकार बाहेर पडला. सिंगसाहेबांची तबकडी २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले जाणकार कपाळाला हात लावून बसले: हा आवाज पाच वर्षं आधी मुंबईत झाला होता! शिकागोवाल्यांनी तो ऐकला होता असं नाही. पण यंत्र आणि राग यांचं जमतं हे एका भारतीयाला आधी सुचलं होतं, आणि त्याच्याही आधी, १९६९ मध्ये, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं यंत्र, येऊन पोहोचला होता. राहता राहिलं आपलं-परकं. पेटीला आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत दाराबाहेर ठेवलं होतं. आज पेटीशिवाय आरती तरी होते का?

आता जरा अवघड भाग. शिकागोचा 'वेअरहाउस', ज्याच्यावरून हाउस संगीताला नाव पडलं, तिथे नाचणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि समलिंगी होते. त्याच शहरात १२ जुलै १९७९ रोजी बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला गेला आणि हजारो लोक आनंदाने मैदानात घुसले. तबकड्यांवर एवढा राग? राग कोणावर होता हे नंतर पुष्कळ लिहिलं गेलं. मला लांबून घरचे वाद वाचताना हे आठवतं. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने विसर्जनात डीजे-डॉल्बीवरची बंदी उठवायला नकार दिला, आमच्या पेठेतल्या मंडळींनी पेढे वाटायचे बाकी ठेवले. २०२४ मध्ये हरित न्यायाधिकरणाने ढोल पथकाला तीस जणांची मर्यादा घातली, तेव्हा तीच मंडळी हादरली, आणि सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिल्यावर परत हसली. शंभर ढोल एकत्र वाजले की मीटर काय दाखवतो? मित्र म्हणतो, "ते वेगळं." वेगळं आहे, मान्य. पण किती वेगळेपण आवाजाचं आणि किती वाजवणाऱ्यांच्या आडनावांचं, पत्त्यांचं? पथकात इंजिनियर, सीए, बँकवाले. डीजेपुढे नाचणारी पोरं डिलिव्हरीची, गॅरेजमधली, वस्तीतली. त्यांच्याकडे जुलैपासून दोन महिने रोज संध्याकाळी सराव करायला वेळ नाही. भाड्याने आणलेला आवाज हाच त्यांचा ढोल. त्यांना ५५ डेसिबल लागू करा, खुशाल करा, मला आवडेल. पण तेवढेच मोजून ढोलालाही लावा, आणि आवाज बंद करताना वर "संस्कृती बुडवली" हे प्रवचन नको.

इथे सगळं छान आहे असं समजू नका. नशापाणी आहे, भरपूर आहे, आणि त्याकडे काणाडोळा करणारेही आहेत. एका क्लबच्या दारावरून मला दोनदा परत पाठवलंय, कारण न सांगता. मागे उभ्या असलेल्या पोरांना हसत आत घेतलं. थंडीत पाऊण तास उभं राहून "आज नाही" ऐकताना संस्कृतीचं कौतुक जरा पातळ होतं. २०२४ च्या मार्चमध्ये बर्लिनच्या टेक्नोची नोंद जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाली, आणि त्याच वर्षाअखेर नदीकाठचा 'वॉटरगेट' कायमचा बंद झाला. भाडं वारशाला ओळखत नाही. आणि खरं सांगायचं तर ज्या दोन-तीन रात्री मी तिथे मनापासून रमलो, त्यानंतर घरी चालत येताना मला हमखास आठवण झाली ती टिळक रस्त्यावर ताशाची पहिली तर्री ऐकून अंगावर येणाऱ्या काट्याची. मित्राला हे अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो जिंकल्यासारखं करेल.

त्या दिवशी फोन ठेवायच्या आधी मी त्याला दोन तासांचं एक रेकॉर्डिंग पाठवलं. अटी दोन: हेडफोन लावूनच ऐकायचं, आणि तोंडाने सोळा मोजत. आठ दिवस काही उत्तर नाही. मग मध्यरात्री त्याचा संदेश आला.

"पहिला अर्धा तास शिव्या दिल्या. नंतर मोजत गेलो. खाली सापडली. पण सम तुझ्या त्या डीजेलाच सापडलेली नाही, चाळिसाव्या मिनिटाला चार मात्रा आधीच पडलाय. जाऊन सांग त्याला."

मी परत ऐकलं. चाळिसाव्या मिनिटाला खरंच चार मात्रा आधी बास आला होता.