गाडी मिसिंग मारते

उभ्या गाडीला उचकी लागली. सिग्नलला थांबलं की इंजिन गुरगुरायचं, मध्येच एक गचका, आणि माझ्यासकट स्टिअरिंग हलायचं. चढावर तर पिकअपच नाही. पाय दाबावा, तर आधी विचार करणार आणि मग उपकार केल्यासारखी निघणार. त्यात डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला.

सासऱ्यांनी फोनवरच निदान आरंभलं. "जावईबापू, धूर बघा. काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, निळा असेल तर ऑइल जळतंय, पांढराफेक आणि दाट असेल तर कूलंट आत शिरतंय." मी पाऊण तास सायलेन्सरपाशी उकिडवा बसलो. धूरच नव्हता! शेजारचे काका वरून ओरडले, "पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट आहे का बघ!" मी हसलो. झाकणाचा आणि इंजिनाच्या दिव्याचा काय संबंध?

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी विचारलं, "आवाज कसा येतो?" चार पोरांदेखत मी "खुर्र... खुर्र... फट्" करून दाखवलं. मग त्यांनी गाडी चालू केली. माझा नंबर येईपर्यंत ती तासभर उभी होती. आता अशी शहाण्यासारखी चालली, की सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं.

"कॉइल असेल, प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी. थंड असताना गुणी, तापली की बिथरते," मिस्त्री म्हणाले. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात स्कॅनर खोचला. कोड आला : पी ०३०२.

"म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग मारतोय. त्यातलं पेट्रोल मध्येच पेटत नाही."

"मग सिलिंडर बदलायचा?" माझा घसा कोरडा.

"साहेब, तो तक्रार करतोय. खोडी कोण काढतंय ते अजून कळायचंय."

त्यांनी दोन आणि तीन नंबरच्या कॉइलींची अदलाबदल केली. वर्गात गोंगाट करणाऱ्या पोराचा बाक बदलावा, तसं. गोंगाट त्याच्याबरोबर हलला तर पोरगं वांड. जुन्याच बाकावर राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन असे बाकीचे संशयित. "आता चालवून आणा. दिवा लुकलुकायला लागला तर मात्र जोर देऊ नका. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं."

आठवडाभर उचकी थांबावी म्हणून हात जोडणारा मी, आता ती लागावी म्हणून गाडीला विनवत होतो. चौथ्या फेरीला, भर चढावर, लागली! मी आनंदाने ओरडलो. शेजारच्या स्कूटरवाल्याने वेग वाढवला.

कोड पी ०३०३, म्हणजे आता तीन नंबरचा सिलिंडर. कॉइलच वांड निघाली. नवी बसली, गाडी लोण्यासारखी पळाली. त्या खुशीत मी टाकी फुल केली.

तीन दिवसांनी दिवा पुन्हा हजर. या वेळी उचकी नाही, गचका नाही. बराच वेळ विचार करून मी गुपचूप मागे गेलो आणि झाकण फिरवलं. कट्... कट्... कट्. ते सैल राहिलं की टाकीतली वाफ निसटते, आणि गाडीला तेही खपत नाही. पण दिवा लगेच विझत नाही. आणखी काही दिवस गाडी चालावी लागते.

तोवर मी ती काकांच्या खिडकीखाली लावत नाही.