पीस, नांगर आणि अस्वस्थता

मी जो ब्राउझर वापरतो, तो वापरणारे जगात इतके थोडे आहेत की आमच्यातल्या एकाला सर्दी झाली तरी आलेखात घसरण दिसेल. त्याचं नाव घेतलं की समोरचा विचारतो, "हा अँटिव्हायरस का?" मी सात्त्विक हसतो. आजच्या बहुतेक ब्राउझरांच्या पोटात गूगलच्या क्रोमियमचंच इंजिन, म्हणजे पान पडद्यावर मांडणारं यंत्र असतं, वरून फक्त रंगरंगोटी वेगळी. आमचं तसं नाही. आमचं इंजिन आमचं. टॅब खाली, मेनू वर, आणि माझ्याबद्दल तो कुणाला एक अक्षर सांगत नाही. सांगण्यासारखं माझ्यात काही नाही, हा मुद्दा वेगळा.

असा संसार सुखाने चालला होता, तोच आजोबांचं गजराचं घड्याळ बंद पडलं.

घड्याळ जर्मन बनावटीचं. त्याचं यंत्र कसं खोलायचं हे टप्प्याटप्प्याने सांगणारं एकच पान सापडलं. कुणा हौशी माणसाने जीव ओतून केलेलं, आणि अथपासून इतिपर्यंत जर्मनमध्ये. माझं जर्मन 'किंडरगार्टन'ला सुरू होतं आणि तिथेच संपतं.

मुलगी म्हणाली, "बाबा, माझ्या फोनवर उघडू का? त्यात आपोआप मराठी होतं."

"नको," मी म्हणालो. "माझ्याकडे ब्राउझर आहे."

या एका वाक्याने माझे पुढचे तीन दिवस खाल्ले.

पहिल्यांदा साधा, सरळ मार्ग. पानावर माऊसचं उजवं बटण दाबलं. मागे जा, पुढे जा, पान जतन करा, स्रोत पाहा. 'भाषांतर करा' नाही. पुन्हा दाबलं, जरा जोरात. तरी नाही. क्रोममध्ये ही सोय 2010 पासून आहे. फायरफॉक्सने 2023 मध्ये, 118व्या आवृत्तीत, तिच्यावर कडी केली: भाषेचं मॉडेल एकदा उतरवून घ्यायचं, मग पानाचं भाषांतर तुमच्याच संगणकावर होतं, मजकूर बाहेर कुठे जात नाही. यामागे बर्गामोट नावाचा प्रकल्प आहे, युरोपीय संघाच्या पैशातून झालेला. खासगीपणाही राखला, भाषांतरही झालं. खरं तर हे माझ्या ब्राउझरला शोभणारं काम. त्याचं मूळ घराणंही फायरफॉक्सचंच. पण हा धाकटा फार वर्षांपूर्वी वेगळा निघाला, आणि वेगळं निघाल्यावर थोरल्याच्या घरात आलेल्या वस्तूंवर हक्क सांगता येत नाही.

मग मी सेटिंगच्या तळघरात उतरलो. तिथे जाताना ब्राउझर 'पुढे धोका आहे' अशी पाटी दाखवतो आणि मला उगाच मर्दुमकी गाजवल्यासारखं वाटतं. शोधलं, तर भाषांतराच्या नावाचं एक बटण खरंच होतं! बंद होतं. मी ते चालू केलं, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला आणि श्वास रोखून जर्मन पानाकडे पाहिलं. पानाने जर्मनमध्ये माझ्याकडे पाहिलं. भिंतीवर बटण आहे पण आत वायरच घातलेली नाही, असा तो प्रकार. भाषांतर बटण करत नसतं, पलीकडे बसलेला सर्व्हर करतो. आणि त्या सर्व्हरशी आमचं बोलणं नाही.

यंत्राकडून भाषांतर करून घेण्याची हौस काही आजची नाही. 7 जानेवारी 1954 ला न्यूयॉर्कमध्ये आयबीएम आणि जॉर्जटाउन विद्यापीठ यांनी साठाहून जास्त रशियन वाक्यांचं इंग्रजी यंत्राकडून करून दाखवलं होतं. त्या यंत्राला 250 शब्द आणि व्याकरणाचे 6 नियम ठाऊक होते. म्हणजे माझ्या ब्राउझरपेक्षा 250 शब्द आणि 6 नियम जास्त.

दुसरा दिवस एक्स्टेन्शनचा, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या छोट्या पुरवण्यांचा. भाषांतराची उत्तमोत्तम एक्स्टेन्शनं आहेत, फक्त ती इतरांसाठी आहेत. फायरफॉक्सने नोव्हेंबर 2017 मध्ये, 57व्या आवृत्तीत, जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शनं बंद केली. आमच्याकडे अजून त्याच जुन्या पद्धतीची चालतात, हे मी कालपर्यंत अभिमानाने सांगत असे. आता कळलं की ती चालतात खरी, पण ती लिहिणारे कधीच उठून गेले. भाषांतराचं एक सापडलं. ते चढवल्यावर वर एक देखणं निळं बटण आलं. दाबलं की ते क्षणभर करडं होई, विचार केल्यासारखं करी आणि पुन्हा निळं होई. ते ज्या सेवेला हाक मारत होतं, तिने मधल्या काळात पत्ता बदलला होता. मी ते काढलं नाही. दिसायला छान आहे.

मग आडवाट. भाषांतराच्या साइटवर मजकुराऐवजी पानाचा पत्ताच चिकटवायचा. मधला सर्व्हर ते पान आपल्या वतीने आणतो, उलथवतो आणि आपल्याच पत्त्यावरून वाढतो. मूळ पत्त्यातल्या टिंबांच्या जागी आडव्या रेघा येतात, म्हणजे पान वेषांतर करून येतं म्हणा ना. कल्पना झकास. पण ते उलथवण्याचं काम करणारी स्क्रिप्ट नव्या जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे पानाला कामाला लावणाऱ्या संगणकी भाषेच्या नव्या अवतारात, आणि माझा ब्राउझर ते वाचताना दुसऱ्याच ओळीला अडखळला. वर मराठी पट्टी आली: भाषांतर होत आहे. खाली जर्मन जसंच्या तसं. ती पट्टी संध्याकाळपर्यंत भाषांतर होत असल्याचं सांगत होती. आशावाद शिकावा तर तिच्याकडून.

"बाबा, फोन?" मुलगी जाता जाता म्हणाली.

"झालंच आहे," मी म्हणालो.

रात्री मला बुकमार्कलेटचा साक्षात्कार झाला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: बुकमार्कमध्ये साइटचा पत्ता ठेवतात, त्याऐवजी जावास्क्रिप्टची एक ओळ ठेवायची. त्यावर टिचकी मारली की ती ओळ समोरच्या पानावर चालते. एक्स्टेन्शन नको, परवानगी नको, एका ओळीत काम फत्ते. पूर्ण पान पालटणारं एक मी तयार केलं आणि आधी एका बातम्यांच्या साइटवर चालवून पाहिलं. काही घडलं नाही. हल्ली पुष्कळ साइट पानासोबत एक फर्मान धाडतात की आमच्या पानावर अमुक ठिकाणच्याच स्क्रिप्ट चालतील, बाहेरच्यांना मज्जाव. घड्याळाच्या पानाच्या दारात असा पहारेकरी नव्हता, बिचारं जुन्या वळणाचं. पण तिथे पुन्हा आमचाच ब्राउझर दुसऱ्या ओळीला अडखळला.

तेव्हा मी महत्त्वाकांक्षा आवरली. सगळं पान नको. शब्द निवडायचा, टिचकी मारायची, आणि तेवढ्याचाच अर्थ दुसऱ्या टॅबमध्ये उघडायचा. रात्री दीड वाजता हे चाललं. घर झोपलं होतं, नाहीतर मी पेढे मागवले असते.

पानावर सुट्या भागांचा तक्ता होता, एका चौकटीत एक शब्द. मी एकेक निवडत गेलो आणि वहीत मराठी उतरवत गेलो. भाग पहिला: पीस. भाग दुसरा: नांगर. भाग तिसरा: अस्वस्थता. भाग चौथा: आई.

मी घड्याळाकडे पाहिलं. एवढंसं ते घड्याळ, आणि आत काय काय सोसत होतं.

पुढे दोन शब्दांची एक सूचना होती: "घड्याळ वाढवा." त्याखाली, "थोडा खेळ राहू द्या." आई, अस्वस्थता, वाढवणं, खेळ... मला क्षणभर वाटलं की हे पान मुळात बालसंगोपनाचं आहे.

दुसऱ्या दिवशी शब्दकोश धुंडाळल्यावर उलगडा झाला. जर्मनमध्ये 'फेडर' म्हणजे पीसही आणि स्प्रिंगही. 'मुटर' म्हणजे आई, आणि 'मुटर' म्हणजेच बोल्टवर बसणारा नट. 'अँकर' हा जहाजाचा नांगर, तसाच घड्याळाच्या दातेरी चाकाला टप्प्याटप्प्याने अडवणारा तुकडाही. अस्वस्थता म्हणजे अखंड इकडून तिकडे हेलकावणारं बॅलन्स व्हील, आणि हे नाव मात्र मला मनापासून पटलं. 'आउफत्सीएन' म्हणजे मूल वाढवणं आणि घड्याळाला किल्ली देणंसुद्धा. दोष भाषांतरयंत्राचाही नव्हता. गेल्या काही वर्षांतली यंत्रं अख्खं वाक्य पाहून अर्थ लावतात. मी त्याला वाक्यच देत नव्हतो, अंधारात हात धरून एकेक शब्द चाचपायला लावत होतो. 'आई' हा शब्द एकटा भेटला तर कुणीही आईच म्हणेल.

तर अर्थ लागला, वही भरली. आता मी पानाच्या लेखकाच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो. पानाच्या मधोमध लाल चौकटीत ठळक अक्षरात आणखी काहीतरी होतं, पण ते चित्र होतं. चित्रातली अक्षरं माऊसने निवडता येत नाहीत, म्हणून बुकमार्कलेटला ती दिसत नाहीत, म्हणून मलाही दिसली नाहीत. सजावट असेल म्हटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी टेबलावर पांढरं कापड अंथरलं, वही उघडी ठेवली. मागचं झाकण निघालं. आत दोन पितळी पत्रे, मध्ये चाकं, कोपऱ्यांवर नट. मुलगी शेजारी येऊन उभी राहिली.

"हे काय?"

"या आया," मी म्हणालो. तीन दिवसांत तोंडात तेच शब्द बसले होते. "यांना सैल करायचं. मग नांगर सुटतो."

ती वहीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिली. मी पहिला नट सोडवला. दुसरा सोडवला. तिसरा अर्धा फिरला असेल नसेल, तोच घड्याळाच्या आतून सर्रकन आवाज झाला, पत्रे फाकले, दोन चाकं टुणकन टेबलावर आली, आणि किल्ली देऊन घट्ट वळलेली ती लांबलचक पोलादी पट्टी माझ्या चष्म्याच्या काडीला हलकेच स्पर्श करून कपाटाच्या दिशेने निघून गेली.

"आईला!" मी ओरडलो.

"चौथी का?" मुलगी म्हणाली.

मग तिने काही न विचारता खिशातून फोन काढला, माझ्या स्क्रीनवरच्या त्या लाल चौकटीसमोर धरला आणि दोन सेकंदांत मोठ्याने वाचलं, "नट सैल करण्यापूर्वी स्प्रिंगचा ताण पूर्णपणे उतरवावा, अन्यथा इजा होऊ शकते." पुन्हा एकदा मनात वाचलं. "बाबा, शुद्धलेखनाची एक चूक नाही बघा."

मला बघता आलं नाही. मी कपाटाखाली बॅटरी घेऊन पीस शोधत होतो.