वाहन : निरंक

काल रात्री साडेबारापर्यंत आमच्या खासदारांनी २०२४ च्या निवडणूक अर्जासोबत दिलेलं मालमत्तेचं शपथपत्र वाचत बसलो आणि तेव्हापासून डोकं फिरलंय.

आधी ती पीडीएफच बघा. स्कॅन आडवं, सातवं पान चक्क उलटं, आणि नोटरीचा गोल शिक्का नेमका एकूण रकमेच्या आकड्यावर. अख्ख्या पानावर मोकळी जागा होती हो! पण शिक्का तिथेच पडायला हवा होता. मान वाकडी करकरून तो आकडा सात आहे की एक, हे शोधतोय.

व्यवसाय काय, तर ‘शेती व समाजसेवा’. अरे, चार टर्म झाल्या! वीस वर्षं दिल्लीत बसलात, ती काय शेताच्या बांधावर काढलीत? आणि वाहन : निरंक. ज्या काळ्या गाडीतून उतरून साहेब अर्ज भरायला गेले, ती बहुधा रस्त्यात कुणीतरी लिफ्ट दिलेली असणार. गाडी कंपनीच्या नावावर, कंपनी मुलाची, मुलगा कमावता, म्हणजे ‘अवलंबित’ नाही, म्हणजे नमुना २६ मध्ये, या शपथपत्राच्या ठरलेल्या फॉर्ममध्ये, त्याचा रकानाच नाही. झालं! कॉलेजवाली संस्था ट्रस्टची, तीही कागदावर यांची नाही. जिल्हा यांचा, कागदावर मात्र काही गुंठे आणि सौभाग्यवतींचं सोनं.

मग मी कॅल्क्युलेटर काढला. २००४ ला खासदाराचा पगार महिना १२ हजार होता, २००६ ला १६ हजार झाला, २००९ पासून ५० हजार, २०१८ ला १ लाख झाला. मधे कोविडच्या वर्षी ३० टक्के कापलेला. २०२४ च्या अर्जापर्यंत सगळा जमेला धरला, एक रुपयाचाही चहा प्यायले नाहीत असं समजलं, तरी पगार दीड कोटीच्या आत बसतो. भत्ते वेगळे, मान्य. पण शपथपत्रातली वाढ त्याच्या कितीतरी पट आहे. कुठून आली? ते लिहिलेलं नाही. म्हणजे, लिहिलंय. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पन्नाचा स्रोतही द्या म्हणून सांगितलं, तेव्हापासून लिहावं लागतं. तर पत्नीच्या रकान्यात लिहिलंय ‘शेती व व्यवसाय’. कसला व्यवसाय? व्यवसाय!

आमचे काका म्हणतात, ‘घराणंच मोठं आहे, जमिनींचे भाव वाढले, तू कशाला जळतोस?’ भाव वाढले हे खरंच, ते मीही धरलं. पण काका, जुन्या जमिनीचा भाव वाढणं वेगळं आणि दर पाच वर्षांनी नवीन गट नंबर उगवणं वेगळं. २००४ चं शपथपत्र शेजारी उघडून बघा, ते दोन मिनिटांत वाचून होतं.

हे कागद आपल्याला वाचायला मिळतात तेही भांडून. २००२ मध्ये न्यायालयाने सांगितलं, मतदाराला उमेदवाराची मालमत्ता कळली पाहिजे. लगेच कायदा बदलून ते गुंडाळायचा घाट घातला गेला, तो २००३ मध्ये न्यायालयानेच मोडला. आणि एवढं करून खोटं लिहिलं तर शिक्षा किती? जास्तीत जास्त सहा महिने, किंवा नुसता दंड! अर्ज छाननीत रकाना रिकामा आहे का ते बघतात, खरं लिहिलंय का ते नाही. लोकप्रतिनिधींची मालमत्ता का फुगते हे तपासायला कायमची यंत्रणा हवी, असंही २०१८ च्या त्याच निकालात आहे. ती यंत्रणा कुठे बसते, कुणाला दिसली तर सांगा. २०२४ मध्ये आणखी एक निकाल आला, की उमेदवाराने कपडे, बूट, भांडी अशी प्रत्येक वस्तू दाखवायची गरज नाही. नका दाखवू! तुमच्या चपला मोजायला कोण बसलंय? गाडीचं विचारतोय मी.

आणि मी? एका एफडीचं व्याज रिटर्नमध्ये दाखवायचं राहिलं, तर तिसऱ्या महिन्यात मेसेज हजर. तफावत आहे, खुलासा करा. केला. मुकाट्याने वरचे पैसेही भरले.

आज सकाळी बँकेत केवायसीचा फॉर्म दिला. उत्पन्नाच्या स्रोतापुढे ‘नोकरी’ लिहिलं होतं. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म परत सरकवला. म्हणाल्या, ‘असं नाही चालत, सविस्तर लिहा.’